आकाशाची बैठक

सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा ही त्रयी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. माळव्याच्या रात्रीचे कौतुक बाहेरच्यांनी करावे आणि आपण मान डोलवावी, असा हा जुना रिवाज आहे. प्रत्यक्षात इंदूरकर रात्रीचा घराबाहेर पडतो तो सराफ्यात, भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला. आणि त्या वेळी त्याची मान खाली, दोन्यात असते. वर पाहिले तरी काय दिसणार? माझ्या गच्चीवरून स्वच्छ रात्री पन्नासेक तारे मोजून होतात. उघड्या माळावर, चंद्र नसताना, त्याच वेळी नुसत्या डोळ्यांना अडीच-तीन हजार तारे दिसतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाच्या रात्रीच्या उजेडाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यावरून असे निघाले की पृथ्वीवरच्या दर तीन माणसांपैकी एकाहून अधिकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसतच नाही. त्या मोजणीत आपलीही नातवंडे आली. ‘आकाशगंगा’ हा शब्द त्यांना येतो, वस्तू त्यांनी पाहिलेली नाही.

तेव्हा ती पाहायला शहराबाहेर जाणे आले. गेली काही वर्षे मी परिचितांची मंडळी घेऊन हिवाळ्यात दोन-तीनदा असा जातो, आणि अनुभवाअंती माझे मत असे झाले आहे की अशी रात्र साधते ती दुर्बिणीच्या किमतीवर नव्हे, तर आलेल्या माणसांच्या वागण्यावर. गाण्याच्या बैठकीसारखेच हे आहे. ह्या शहराने खाँसाहेब अमीर खाँ यांचा विलंबित ऐकला, आणि शेजारच्या देवासला कुमार गंधर्व राहिले. आलापी चालू असताना मधेच उठू नये, तबकातली सुपारी कातरत बसू नये, दाद कुठे द्यावी आणि कुठे गप्प राहावे, हे आपल्या घरांतून कोणी पुस्तक वाचून शिकले नाही. आकाशाच्या बैठकीलाही असाच एक रिवाज आहे; फक्त तो अद्याप आपल्या अंगवळणी पडलेला नाही.

प्रथम दिवस ठरवू. इथे आपल्या घरच्या पंचांगासारखा मार्गदर्शक नाही. भविष्याकरिता नव्हे, चंद्राकरिता. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि मावळतो. शुद्ध चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या आसपास मावळतो, शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे वद्य अष्टमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे बारा-तेरा दिवस आपले, बाकीचे चंद्राचे. पौर्णिमेला आकाश पाहायला नेणारा यजमान म्हणजे भर मांडवात सनई-चौघडा वाजत असताना कानात गुपित सांगणारा गृहस्थ.

मात्र माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाने एक सावधगिरी बाळगावी. आपले महिने अमान्त, शेजाऱ्यांचे पूर्णिमान्त. आपण ज्याला कार्तिक वद्य म्हणतो तो त्यांचा मार्गशीर्ष वदि. आपली दिवाळीची अमावास्या आश्विनातली, त्यांची कार्तिकातली, आणि दिवे मात्र दोघांच्या दारात एकाच रात्री. शंभर-दोनशे वर्षे शेजारी राहून हा घोळ आपल्या अंगवळणी पडला असला, तरी निमंत्रण देताना तिथीबरोबर इंग्रजी तारीख अवश्य सांगावी. नाहीतर निम्मी मंडळी एक महिना आधीच डबे घेऊन दारात उभी राहायची.

आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणणारच, ‘अवसेच्या रात्री बाहेर पडायचे?’ त्यांच्याशी वाद घालू नये. आदल्या किंवा दोन दिवसांनंतरच्या रात्री जावे; अंधारात काही फरक पडत नाही. शिवाय अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्राची कोर दिसते, आणि तिच्या अंधाऱ्या भागावर पृथ्वीवरून परतलेला मंद उजेड दिसतो, तो पाहून आजीबाईसुद्धा खूश होतात.

ऋतूचे सांगायचे तर, पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आकाशाला सुट्टी. ऑगस्टच्या १२-१३ तारखेला ययातीतून होणारा उल्कावर्षाव परदेशी वृत्तांतून वाचून मुले हट्ट धरतात. त्यांना समजावून सांगावे की त्या रात्री माळव्यात बहुधा ढगच पाहायला मिळतील. आपला उल्कावर्षाव म्हणजे डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा, मिथुन राशीतून येणारा. तो पाहायला दुर्बीण लागत नाही. सतरंजीवर उताणे पडावे, अंगावर रजई घ्यावी आणि स्वस्थ राहावे. फक्त त्या वर्षी त्या तारखेला चंद्र कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी, आकाश धुतलेले. एप्रिल-मेमध्ये धूळ असते, पण वृश्चिक आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग पाहायचा तर उन्हाळ्याचीच उत्तररात्र हवी. ज्याला झोप प्रिय आहे त्याने हिवाळा पत्करावा.

जागा निवडताना लोक उंची पाहतात. मी आधी दिशा पाहतो. आपल्या अक्षांशावर ग्रहांची वाट बरीचशी आकाशाच्या दक्षिण अंगाने जाते. व्याध, अगस्त्य, वृश्चिक हे सारे दक्षिणेचेच. म्हणून इंदूरहून दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे जावे, म्हणजे शहराचा उजेड पाठीशी पडतो. उत्तरेला गेलात तर तोच उजेड ऐन पाहायच्या जागी. जानापावचा डोंगर उंच खरा, पण पिथमपूरच्या कारखान्यांचे दिवे जवळ आहेत. मांडवगडाजवळची जागा मला सर्वांत पसंत; दक्षिणेला कडा तुटतो आणि खाली निमाड पसरलेला असतो, त्यामुळे क्षितिज मोकळे. मात्र तिथली स्मारके सूर्यास्ताला बंद होतात. रूपमतीच्या मंडपात बसून तारे पाहण्याचा बेत कितीही रसिक असला तरी पहारेकऱ्याला लाजवू नये. गावाबाहेर एखाद्या ओळखीच्या माणसाचे शेत पाहावे. वनखात्याची हद्द असेल तर परवानगी आधी घ्यावी.

शेत म्हटले की शेतकरी आला, आणि इथे आपल्या शहरी मंडळींचा पहिला कस लागतो. हिवाळ्यात शेतात गहू-हरभरा उभा असतो. पुष्कळ ठिकाणी पंपाला वीज रात्रीच मिळते, म्हणून पाणी द्यायला तो मनुष्य रात्रभर जागाच असतो. त्याच्या बांधावर मोटार घालू नये, पाटाच्या कडेवरून चालू नये, हरभऱ्याचे घाटे ‘दोनच’ म्हणून तोडू नयेत. उजेड असतानाच जाऊन त्याला भेटावे, किती माणसे आहेत आणि किती वाजेपर्यंत थांबणार ते सांगावे. त्याच्या हातात बॅटरी असणारच, आणि ती त्याने आपल्यासाठी बंद करावी असे म्हणण्याचा आपल्याला यत्किंचित अधिकार नाही. विंचू-सापांचे शेत त्याचे आहे. आपण आपली सतरंजी त्याच्या वाटेपासून दूर टाकावी. शक्य तर त्यालाही दुर्बिणीपाशी बोलवावे. रात्र-रात्र आकाशाखाली काढणाऱ्या माणसाला मृगाचे तिकांडे केव्हा डोक्यावर येते हे आपल्यापेक्षा अधिक पक्के ठाऊक असते. त्याला शनीची कडी दाखवली, तर तो आपल्याला पहाट किती उरली हे घड्याळाविना सांगतो.

दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण ती न लिहिल्यामुळेच आजवर अनर्थ झाला आहे. जागेजवळ स्त्रियांची सोय असली पाहिजे. एखादी शाळा, धर्मशाळा, ओळखीचे घर, काही तरी दहा मिनिटांच्या अंतरात हवे. ती नसली की घरातल्या बायका ‘आम्हाला कुठे कळते त्यातले’ असे म्हणून मागे राहतात, आणि पुरुषमंडळी ते खरे मानतात. माझ्या अनुभवात एकदा ही सोय झाल्यावर सर्वांत अधिक प्रश्न विचारले ते सत्तरी ओलांडलेल्या दोन बहिणींनी, आणि पहाटे चारला उठून ‘अजून काय उगवायचे आहे?’ म्हणून मला जागे केले तेही त्यांनीच.

ज्यांना दोन दिवस काढता येतील त्यांनी रात्रीच्या आधी एक दुपार उज्जैनला द्यावी. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे वेधशाळा बांधल्या. उज्जैनची पडझड झाली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार करविला, आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. मराठी घरांतून ह्या गोष्टीचा अभिमान बोलून दाखवला जातो, पण किती जणांनी तिथल्या सम्राट यंत्राच्या भिंतीपाशी उभे राहून वर पाहिले आहे? ती भिंत तिरकी आहे, तिचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे तेवीस अंशांच्या किंचित वर. तिच्या कलत्या कडेवरून नजर तशीच पुढे नेली की जिथे पोचते तिथे रात्री ध्रुव असतो. दिवसा हे एकदा डोळ्यांत भरले, की रात्री माळावर ध्रुव शोधायला नकाशा लागत नाही. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. क्षितिजापासून दोन मुठींहून थोडे वर, उत्तरेला. उज्जैन जिल्ह्यातच महिदपूर तालुक्यात डोंगला गाव आहे. कर्कवृत्त तिथून जाते, आणि २१ जूनच्या सुमारास माध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ह्या जागेकडे लक्ष वेधणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणणारे ते हेच. आता तिथे वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळा आहे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे अंधाराकडे येतो. अंधार ही सगळ्यांची सामाईक मालमत्ता आहे. एकाने खर्च केली की सगळ्यांची जाते. याला डोळ्याची रचना कारण आहे. उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली मोठी व्हायला काही क्षण पुरतात, परंतु मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींतले द्रव्य पुन्हा भरून यायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. आणि ते उडून जायला एक झगझगीत दिवा पुरतो. म्हणजे तीस मिनिटांची ठेव एका क्षणात बुडते, आणि ती एकट्याची नव्हे, बसलेल्या वीस जणांची.

ह्याचा मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका वर्षी मंडळींना शनिवार सोयीचा म्हणून कार्तिक वद्य पंचमी धरली होती. चंद्र दहाच्या सुमारास उगवायचा होता. आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षक होते, ऐंशीच्या घरातले. त्यांनी आयुष्यभर मुलांना देवयानीतल्या दीर्घिकेविषयी शिकवले होते; तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षे लागतात, नुसत्या डोळ्यांना दिसणारी ती सर्वांत दूरच्या वस्तूंपैकी एक, हे सारे सांगितले होते; स्वतः पाहिली मात्र नव्हती. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हातारपणी पाचाच्या आसपास, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते पाऊण तास आधी येऊन डोळ्यांवर उपरणे घेऊन बसले होते. सव्वानऊला उपरणे काढून, मान वर करून, ‘आता सांगा कुठे’ असे त्यांनी म्हटले, आणि तेवढ्यात एक उशिरा आलेली मोटार वळणावरून पूर्ण दिवे लावून आत शिरली. गाडीतल्यांनी उतरून, ‘कुठे आहेत सगळे?’ म्हणून मोबाइलचा उजेड एकेकाच्या तोंडावर टाकला. मास्तर काही बोलले नाहीत. पुन्हा उपरणे घेऊन बसले. पावणेदहाला पूर्वेकडे चंद्राचा उजेड चढू लागला, आणि त्यांच्या डोळ्यांना ती अंधुक लांबट ज्योत सापडली नाही. ‘पुढल्या वर्षी पाहू,’ असे ते म्हणाले. पुढल्या वर्षी ते प्रवास करण्याजोगे राहिले नव्हते.

तेव्हापासून आमच्या मंडळीत एक नियम आहे. येणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी यावे. मोटार आणल्याबरोबर तिचे तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावावी, म्हणजे निघताना वळवावी लागत नाही. उशीर झालाच तर फर्लांगभर अलीकडे गाडी ठेवून पायी यावे. आजकालच्या गाड्या दार उघडले की आत दिवा लावतात, किल्लीचे बटण दाबले की चारी डोळे मिचकावतात. हे सारे घरीच बंद करायला शिकून यावे. थर्मास गाडीत राहिला म्हणून दर पंधरा मिनिटांनी दार उघडणारे गृहस्थ प्रत्येक मंडळीत एक तरी असतात. त्यांच्या सामानाची पिशवी आपणच आधी उतरवून घ्यावी.

उजेड लागतोच, ठेच लागून पडण्यात शौर्य नाही. तो लाल असावा आणि मंद असावा, कारण अंधारात पाहणाऱ्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही. गणपतीच्या मखरासाठी आणलेला लाल जिलेटीनचा कागद प्रत्येक मराठी घरात कुठल्या तरी कपाटावर गुंडाळून ठेवलेला असतोच. त्याच्या तीन-चार घड्या बॅटरीच्या तोंडावर रबराने बसवाव्यात, आणि तरीही ती जमिनीकडेच धरावी. मोबाइलवरचा तारकानकाशा सोयीचा असला तरी त्याचा पडदा लाल केला तरी पुष्कळ उजळतो. कागदी नकाशा बरा. ज्यांना छायाचित्रे काढायची आहेत त्यांना शंभर पावले दूर जागा द्यावी. त्यांच्या कॅमेऱ्याचे झाकण मिनिट-मिनिट उघडे असते, आणि आपली एक बॅटरी त्यांची सारी मेहनत पुसते. तारे दाखवायची हिरव्या किरणांची काठी अलीकडे बाजारात मिळते. ती एकाच्याच हाती असावी, मुलांच्या हाती मुळीच नसावी, आणि आकाशात विमान दिसत असताना तिला हातही लावू नये.

शेकोटी नको. हे ऐकून मंडळींचा उत्साह निम्म्यावर येतो, हे मी जाणतो. माळव्याची जानेवारीतली थंडी हाडांत शिरते, आणि जमिनीवर बसले की वरून दव आणि खालून गारवा. पण त्याला उपाय कपड्यांचा आहे. सतरंजीखाली प्लॅस्टिक, कानटोपी, दोन जोड मोजे, शाल. चहा थर्मासात. जेवण दिवसाउजेडी उरकावे. दशम्या, लसणीची चटणी, तिळाच्या वड्या असे हातात धरून खाता येणारे पदार्थ. चुरचुर वाजणाऱ्या पुड्या शांत रात्री फार लांब ऐकू जातात. डासांचे औषध फवारायचे ते दुर्बिणीपासून दूर जाऊन. त्याचा तुषार काचेवर बसला तर धन्याच्या पोटात कालवाकालव होते. कचरा परत आणायचा, हे इंदूरकराला सांगावे लागू नये. ज्या शहराने २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला क्रमांक टिकवला, त्याची पिशवी दुसऱ्याच्या बांधावर सापडणे शोभत नाही.

दुर्बिणीपाशी मात्र निराळी नजाकत लागते. दुर्बीण दुसऱ्याची, डोळा आपला, हे लक्षात असावे. दोन्ही हात पाठीमागे बांधावे आणि वाकून नुसता डोळा न्यावा. नळी पकडली की शनी गेला! शनी तसाही चाललेलाच असतो. पृथ्वी फिरते आहे, आकाश तासाला पंधरा अंश सरकते, आणि शंभरपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या लहानशा वर्तुळातून ग्रह दोनेक मिनिटांत एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जातो. म्हणून रांगेतल्या प्रत्येकाने मिनिटभर पाहावे, सरावे, हवे तर पुन्हा रांगेत उभे राहावे. एका दुर्बिणीला बारा-पंधरांहून अधिक माणसे नेऊ नयेत. शेवटच्या माणसाची पाळी येईतो पहिल्याची झोपेची वेळ होते. रांगेत वडीलधाऱ्यांना आधी पाठवायची आपली पद्धत चांगलीच, पण दुर्बीण वर-खाली करता येत नसेल तर लहानांसाठी घरून एक पाट किंवा मुढ्याची सोय करावी. काचेवर श्वास सोडू नये. अस्पष्ट दिसले तर खुंटी स्वतः पिळू नये, विचारावे. आणि ‘एवढेच?’ असे मोठ्याने म्हणू नये. ज्याने ती दुर्बीण महिन्याच्या पगारातून घेतली, आणि दोन तास थंडीत उभे राहून लावली, त्याच्या कानी तो शब्द फार लागतो. गुरूचे चार चंद्र १६१० मध्ये गॅलिलिओने ज्या नळीतून पाहिले तीहून आपल्या समोरची बहुधा चांगलीच असते.

शनीच्या रांगेत आणखी एक नाजूक प्रसंग उद्भवतो. कोणी तरी दबक्या आवाजात म्हणतेच, ‘साडेसाती चालू आहे, बघावे की नाही?’ ह्यावर हसणे असभ्य आहे आणि व्याख्यान देणे त्याहून असभ्य. मी त्यांना एवढेच सांगतो की ह्याला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून तो एकेका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. तीन राशींची मिळून साडेसात. हिशेब असा समजला की त्यातला निम्मा धाक आपोआप जातो, आणि ते गृहस्थ वाकून पाहतात. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वीवरून ती कडी अगदी काठावरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसतच नव्हती; आता ती हळूहळू पुन्हा उघडत आहेत. ज्यांनी त्या वर्षी पाहून तोंड वाकडे केले त्यांना पुन्हा बोलवावे.

सांगणाऱ्यांनीही मर्यादा पाळावी, किंबहुना त्यांनीच अधिक. मंडळीत एकाने बोलावे. तारा दाखवायचा, नाव सांगायचे, एखादी गोष्ट, आणि मग गप्प बसायचे. व्याधाने सोडलेला त्रिकांड बाण मृगाच्या पोटात रुतला आहे, हे सांगून झाल्यावर मुलांना तो बाण स्वतः शोधू द्यावा. अंधुक वस्तू दाखवताना मात्र युक्ती सांगावी: थेट तिच्याकडे न पाहता किंचित बाजूला पाहावे. डोळ्याच्या मध्यभागी मंद प्रकाशाच्या पेशी नसतात, कडेला दाट असतात. म्हणून रोखून पाहिले की ती हरवते आणि नजर किंचित वळवली की दिसते. कृत्तिकांच्या पुंजक्यावर मुलांनी हे करून पाहिले की त्यांना मोठी गंमत वाटते. कोणाला किती तारे दिसले ह्याची पैज लागते, आणि चष्मेवाले हट्टाने जास्त सांगतात.

हिवाळ्याच्या रात्री मी दोन तारे चुकू देत नाही. एक अगस्त्य. जानेवारीच्या अखेरीस दहाच्या सुमारास तो थेट दक्षिणेला असतो, आणि इंदूरहून क्षितिजापासून दीड मूठच वर चढतो. मांडवच्या कड्यावरून निमाडच्या अंधारावर तो एकटा लकाकताना दिसतो. शहरात ज्या उंचीवर समोरच्या इमारतीचा दुसरा मजला असतो तिथे. दुसरी अरुंधती. आपल्या लग्नांत नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. मार्गशीर्षातल्या मुहूर्तांना संध्याकाळी सातला सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. गुरुजी मंडपाच्या झुंबराकडे बोट दाखवतात आणि नवरी ‘दिसली’ म्हणते. पन्नास वर्षे संसार झालेल्या एका बाईंना आम्ही फेब्रुवारीत, रात्री अकराला, ईशान्येकडे वर आलेल्या सप्तर्षींच्या शेपटीतली वसिष्ठाजवळची ती बारीक चांदणी दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि यजमानांना म्हणाल्या, ‘अहो, त्या दिवशी मी खोटे बोलले हो.’ यजमान म्हणाले, ‘मीही.’

काही ठिकाणी आता अंधार राखायचे काम सरकारनेही हाती घेतले आहे. लडाखमध्ये हानले येथे २०२२ पासून, आणि महाराष्ट्राच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची मंडळी तर १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवीत आली आहेत. आपल्याकडे, माळव्यात, अशी राखीव जागा मिळेपर्यंत एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याचा माळ आणि आपला शिष्टाचार, एवढ्यावरच भागवायचे आहे.

निघण्याचीही रीत आहे. ज्यांना लवकर जायचे त्यांनी ते आधीच सांगून गाडी सर्वांत बाहेर लावावी. निघताना ‘दिवे लावतो’ अशी हाक द्यावी, बाकीच्यांनी डोळे मिटून घ्यावे, आणि छायाचित्रे काढणाऱ्यांचे चालू चित्र पुरे होईपर्यंत दोन मिनिटे थांबावे. दुर्बीण उघड्या हवेत रात्रभर राहिलेली असते, तिच्यावर दव असते. काच फडक्याने पुसू नये, तशीच झाकून न्यावी आणि घरी गेल्यावर उघडी ठेवून वाळू द्यावी. शेवटी राहणाऱ्याने मात्र आता पांढरा उजेड लावून सारी जागा एकदा फिरून पाहावी. दरवेळी काही ना काही सापडते. गेल्या खेपेला एक कानटोपी, दुर्बिणीचे झाकण, अर्धी तिळाची वडी आणि लहान मुलाचा एकच मोजा निघाला. मोजा अजून आमच्या खुंटीवर आहे, ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा.